बाबांचा वशिला

बाबा पाणीपुरवठा खात्यात फिटर होते आणि त्यांचे धाकटे भाऊ तिथेच मुख्य अभियंता. खात्यातल्या इंजिनिअरच्या जागेसाठी लेकीला मुलाखतीचं पत्र आलं, तेव्हा ती बाबांच्या मागेच लागली. "मुलाखत काकाच घेणार आहेत. त्यांच्याकडे एक शब्द टाका ना!"

"मला नाही जमत असलं काही," म्हणत बाबा पान्ह्याला तेल लावत बसले.

मुलाखतीच्या दिवशी काका आलेच नाहीत. परक्या चौघांसमोर ती एकटी बसली, घाम फुटेपर्यंत उत्तरं देत राहिली आणि निवडली गेली. पण बाबांवरचा राग काही जाईना. काकांच्या पाया पडायला गेली, तेव्हा तोंडातून निघूनच गेलं, "बाबांनी माझ्यासाठी तुम्हाला साधा फोनसुद्धा केला नाही."

"केला होता की," काका म्हणाले. "आदल्या दिवशी. एवढ्या वर्षांत दादानं पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितलं."

"काय मागितलं?"

"म्हणाला, 'उद्या तू रजा घे. नाहीतर लोक उगाच म्हणतील, काकानं चिकटवली. पोरगी तर निवडली जाणारच आहे.'"