उंबरठ्यापर्यंत

“पुन्हा कोणाचा घसरून जीव जायला नको,” म्हणत बाईंनी खरखरीत फरशी निवडली होती. मिस्त्री समोरच्या भिंतीपासून फरशा बसवत, मागे सरकत बाथरूमच्या उंबरठ्यापर्यंत आला. ओल्या कामावर पाय पडू नये म्हणून कुलूप लावून जेवायला गेला.

परतून दार उघडलं आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पावलापावलाच्या अंतरावर फरशा खचल्या होत्या, भिंतीपासून दाराकडे.

“बाई, आत कोण गेलं होतं?”

“किल्ली तर तुमच्याच खिशात होती,” मागून बाई हलकेच म्हणाल्या.

उंबरठ्याजवळची फरशी तेवढी सपाट होती. तो बघत असतानाच तीही दबली, आणि कडेने ओलं सिमेंट वर आलं.

मागे बाईंनी अंग चोरून वाट करून दिली.