छतावरची हवा

"लिफ्ट आहे," आंथी म्हणाली. "आणि स्वयंपाकघरातल्या फरश्या अजून बसवलेल्या नाहीत. आपण निवडायच्या."

तळलेले मासे टेबलावर ठेवता ठेवता वासोचा हात थबकला. "निवडायच्या?"

"हो ना ताई. इतके रंग आहेत की डोकं फिरतं."

"मज्जा आहे बाई," वासो म्हणाली, आणि बशी जरा जोरातच खाली ठेवली.

काव्हाला गावाच्या चढावरचं ते घर म्हाताऱ्या अर्गीरिसचं. तळमजल्यावर तो राहायचा. वरचा मजला थोरल्या वासोला लग्नात मिळालेला. तिथं ती आणि तिचा नवरा थानासिस राहत. त्यांच्या छतातून लोखंडी सळ्या अजून वर आलेल्या होत्या, कारण धाकट्या आंथीचा मजला पुढं तिथं चढायचा होता. मुली तितके मजले, अशी त्या भागातली रीत. पण आंथीला आणि तिच्या नवऱ्याला, लेफ्तेरिसला, खाली बंदराजवळच्या नव्या इमारतीत घर हवं होतं.

"बँक काय म्हणते?" अर्गीरिसनं विचारलं.

"हप्ता झेपेल, दोघांचे पगार आहेत," लेफ्तेरिस म्हणाला. "अडतं ते आधी भरायच्या रकमेवर. निम्मीच आहे आमच्याकडे."

अर्गीरिसनं माशाचा काटा बशीच्या कडेला ठेवला. "मग हवा विकू या."

हवा म्हणजे छतावरची मोकळी जागा, तिथं बांधायचा हक्क. तो त्यानं आंथीसाठी राखून ठेवला होता. पण दुसऱ्याच्या डोक्यावर घर बांधायला परका माणूस कशाला येईल? गिऱ्हाईक एकच होतं. सगळे थानासिसकडे बघू लागले, आणि थानासिस वासोकडे.

"आमच्याकडे कुठले पैसे?" वासो म्हणाली.

"भावजी होडीसाठी साठवत होते ना?" आंथीनं विचारलं.

"होते," वासो म्हणाली. थानासिसनं पावाचा तुकडा तोंडात टाकला आणि तो बराच वेळ चावत राहिला.

"वासो, बहीण आहे तुझी," बाप म्हणाला.

"मग राहू दे की बहिणीजवळ! मला कुणी विचारलं होतं, फरशी कुठली हवी म्हणून? करड्या बसवल्यात, करड्यांवर राहतेय. तुमचं ताट मी खाली आणायचं, तुमची औषधं मी बघायची, आणि हिनं तिकडं लिफ्टनं वर जायचं, रंग निवडत!"

बोलून झाल्यावर तिला वाईट वाटलं असावं. फार नाही.

लेफ्तेरिसनं हात पुसले. "राहिलं. नाही झेपत, तर नाही झेपत. वरच बांधू. इथं जागेचे पैसे द्यायचे नाहीत, बँकेचं कर्ज बांधकामाला पुरेल."

आंथीचे डोळे भरून आले. वासोनं ते पाहिलं, आणि सकाळपासून नसलेली भूक तिला एकदम लागली. तिनं आणखी दोन मासे वाढून घेतले.

कॉफी झाल्यावर जागा बघायला सगळे वर छतावर गेले. आंथी सळ्यांच्या मधोमध हाताची घडी घालून उभी राहिली.

"हा आपला ओटा," तिला हसवायला लेफ्तेरिस हवेत हात फिरवत म्हणाला. "इथं तू भांडी घासणार."

"तूच घास," म्हणून ती रागानं पाठमोरी झाली. आणि तशीच राहिली.

समोर शेजाऱ्यांच्या कौलांवरून अख्खा समुद्र पसरला होता. पलीकडे थासोस बेट, इतकं स्वच्छ की त्यावरची झाडी दिसावी.

"अगबाई," ती हळूच म्हणाली.

वासो वर्षानुवर्षं इथं चादरी वाळत घालायला यायची. समुद्र तिला माहीत होता, जसं आभाळ माहीत असतं. तो कुणाच्या तरी ओट्यावरून दिसू शकेल, हे मात्र तिच्या कधी मनात आलं नव्हतं. खाली तिच्या स्वतःच्या ओट्यावरून शेजाऱ्याची भिंत दिसायची.

"बंदराच्या घरातून काय दिसतं गं?" तिनं विचारलं.

"पार्किंग," आंथी म्हणाली.

वासोनं दोरीवरचा एक चिमटा काढला, पुन्हा लावला.

"बाबा," ती म्हणाली. "हवा आम्ही घेतो."

"अगं, पैसे नाहीत म्हणालीस ना?"

"उसने काढीन."

थानासिस पाण्याच्या टाकीचा नळ उगाच तपासू लागला.

"ऐकलंस का आंथी?" म्हातारा आनंदानं ओरडला. "झालं तुमचं बंदराचं घर!"

आंथीनं मागं वळून पाहिलं नाही. ती दोन पावलं डावीकडे सरकली, मान जरा वाकडी करून अंदाज घेतला, आणि मग तिथंच पाय रोवून उभी राहिली.

"लेफ्तेरिस," ती म्हणाली, "खिडकी इथं घेऊ या. मोठी."