बोअरचं पाणी

पॅरामेशियम हा एकपेशीय जीव प्रथिनांचे बाण पेशीच्या आवरणाखाली साठवतो आणि डिवचलं की क्षणात बाहेर फेकतो. मला सापडलेला वाण मात्र बाण सोडतच नव्हता. हा दोष जन्मजात असल्याचं सांगणारा प्रबंध उद्या द्यायचा होता. आज शेवटच्या चाचणीत त्याच वाणानं सगळे बाण सोडले. “पेशी कशानं धुतल्या?” मी ज्युनिअर विशाखाला विचारलं. “बोअरच्या पाण्यानं, ताई. आरओ बंद हाय. बाकीच्या वाणांना तेच तर वापरतो.” दुर्मीळ म्हणून मी याच वाणाला आरओच्या पाण्यात जपलं होतं. बाण सुटायला कॅल्शियम लागतं. ते बोअरच्या पाण्यात भरपूर, आरओत जवळजवळ नाहीच. म्हणजे दोष पेशींत नव्हता. विशाखा हळूच म्हणाली, “उस्मानपुऱ्यातनं आरओचा जार आणू? परत धुऊ. पेशी गप बसतील.” “आण,” मी म्हणाले. खात्री करायला की प्रबंध वाचवायला, ते मलाच कळेना.