चंद्रकलेच्या नावाची हाक

"चंद्रकला ओऽऽ"

नाल्याच्या पलीकडून हाक आली. कामिनीने मोहाची फुलं वेचता वेचता तोंड घट्ट मिटून घेतलं. आज ओ द्यायचीच नाही, असं ती घरूनच ठरवून आली होती.

चंद्रकला ही तिची आई. मागच्या पावसाळ्यात गेली. आंबागडच्या टोलीतल्या, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतल्या, बाया पहाटे मोह वेचायला जंगलात शिरल्या की आपापल्या झाडाखालून एकमेकींना हाका देत. एकीने दुसरीला, दुसरीने तिसरीला. ओ आली म्हणजे बाई शाबूत आहे, वाघाने नेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. आईचं झाड अगदी टोकाचं. यंदा ते कामिनीकडे आलं, पण हाक आईच्याच नावाची येई. आणि कामिनी रोज मुकाट्याने ओ देत राहिली.

ती लहानपणापासून तुमसरला मामाकडे वाढलेली. पुढे नागपूरला होस्टेलवर. जंगलात कधी आलीच नव्हती. एम.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं होतं आणि मे महिन्यात परीक्षा होती. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या पेपरला एक प्रश्न हमखास पडतो. लाकडी जहाजाची एकेक फळी कुजली, एकेक बदलली, शेवटी जुनी एकही उरली नाही. मग ते तेच जहाज का? ग्रीकांनी हे खूळ काढलं आणि तेव्हापासून शहाणी माणसं त्यावर डोकं फोडून घेत आहेत. कामिनीला आधी त्यात मोठी गंमत वाटायची. आता वाटत नव्हती. झाड तेच, टोपली आईची, हाक आईची, आणि आपण तेवढी नवी बसवलेली फळी. तू कोण गं बाई, असं त्या फळीला कोणी विचारत नव्हतं.

घरी तरी बोलणार कोणाशी? एकदा तिने बापाला, गोपीचंदला, जहाजाचं सांगून पाहिलं. तो जेवत होता. "आपल्याले जहाज कायले लागते?" म्हणाला आणि पुन्हा भात कालवायला लागला. माणूस वाईट नव्हता. बायको गेल्यापासून त्याचं बोलणंच आटलं होतं. वर्गातल्या मैत्रिणी फोनवर 'काळजी घे' टाकून मोकळ्या झाल्या होत्या. दिवसच्या दिवस तिला स्वतःचं नाव ऐकू येत नव्हतं. म्हणून आज तिने हट्टच धरला. आपल्या नावाने हाक आली तर ओ द्यायची. नाही आली तर आपण इथे कोणीच नाही असं समजायचं, नागपूर गाठायचं आणि परत म्हणून यायचं नाही.

"चंद्रकला ओऽऽ"

आवाज शकुनबाईचा. शेजारच्या झाडाची, आईची जन्माची जोडीदारीण. कामिनी गप्प. तिसरी हाक आली ती चिरकलेली. मग जंगल एकदम शांत झालं. मोहाची फुलं टपटप पडत होती तेवढीच.

आणि मग ओरड उठली. "कामिनी! कामिनी वो! पोरी!"

काठी आपटत, झुडपं तुडवत शकुनबाई आली. मागून आणखी दोघी. लुगडं काट्यांत फाटलेलं. इतक्या दिवसांनी आपलं नाव ऐकून कामिनीला रडूच फुटलं. "ओ," ती कशीबशी म्हणाली.

शकुनबाईने तिला आधी सगळीकडून चाचपलं, मग पाठीत एक धपाटा घातला. "ओ काहून नाही देली?"

"तुमी मले मायच्या नावानं हाक देता. मले वाटलं, मी तुमची कोनीच नाही."

शकुनबाई मटकन खाली बसली. "अवो, जंगलात जित्या मान्साचं नाव घेत नाही. वाघ आयकते. म्हनून त्या झाडाखाली आधी वेचनाऱ्या, गेलेल्या बाईचं नाव घेतो, तिनं आपल्याले झाकून ठेवावं म्हनून. मले सत्यभामा म्हनतेत, ते माही सासू. तुही मायबी मले त्याच नावानं हाक देत होती."

सत्यभामा ही पलीकडची कोणी म्हातारी असेल, असं कामिनी आजवर समजत होती. "मंग आज माहं नाव कसं घेतलं?"

"जीव उडाला माहा. रीत कायची याद राह्यते तवा?" शकुनबाईने डोळे पुसले. "आता तुले जंगलात येता येनार नाही. त्यानं नाव आयकलं."

"काकी, वाघाले नाव समजते का कुठं?"

त्या दोघींपैकी एकीने कामिनीची टोपली उचलली. तिला मधे घालून बाया रस्त्यापर्यंत आल्या आणि तिथून तिला घरी लावून दिलं.

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू होताना ती अंगणात उभी होती. घर जंगलाच्या कडेलाच. मोह भुईवर पडून वाया जाऊ देत नाहीत, म्हणून आईच्या झाडाखाली आज शकुनबाईची सून रिता गेली होती. हाका सुरू झाल्या. सत्यभामेला हाक गेली, शकुनबाईने ओ दिली. मग शकुनबाईचा आवाज आला, "चंद्रकला ओऽऽ", आणि रिताने खणखणीत ओ दिली.

ओ कामिनीच्याही तोंडून निघाली, पण इतकी हळू की अंगणाबाहेर गेली नाही.