टिबोचं पुढे काय झालं

“तिसऱ्या वर्षाचा शेवटचा भाग,” गंधारने माइकवर प्रश्न वाचला. “टिबो यंत्रमानवाचे पाय बर्फात गोठलेत, यान निघायच्या बेतात आहे. पुढे काय झालं?”

“मिठानं सुटला,” नवीनने क्षणाचाही विचार न करता सांगितलं. “कॅप्टन ओरेननं यानाच्या स्वयंपाकघरातलं सगळं मीठ बर्फावर ओतलं. मग महिनाभर सगळे अळणी जेवले.”

टी. नगरमधल्या त्या हॉलने निकालाची वाट न बघता टाळ्या वाजवल्या. ‘कॅलिक्स’ ही अंतराळयानाची विलायती मालिका एक पिढीभर चालू आहे, आणि तिच्यापायी चेन्नईतले हे भक्त दर वर्षी एका रविवारी दुपारी जमून एकमेकांची परीक्षा घेतात. घरातला सिलिंडर कधी लावला ते यांना सांगता येणार नाही, पण कॅलिक्सच्या इंजिनाला झडपा किती, ते झोपेतून उठवून विचारा. तरी पहिली चार वर्षं कोणालाच धड ठाऊक नव्हती, कारण ते भाग पुन्हा कधी दाखवलेच गेले नव्हते. लहानपणी ते तमिळमधून बघितलेला सभासद एकच, नवीन. तो सांगेल ते प्रमाण. मिठाची गोष्ट तर या मंडळींनी टी-शर्टवर छापून घेतली होती.

तिसऱ्या रांगेत नवीनची आई जयंती पदराशी चाळा करत बसली होती. “मला कॅलिक्सचं वेड हिनं लावलं,” असं सांगत त्याने सकाळपासून तिची सगळ्यांशी ओळख करून दिली होती. पोराची हौस म्हणून ती आली खरी, पण मिठाचं नाव निघाल्यापासून ती सारखी दाराकडे बघत होती. तेव्हा घरात टीव्ही एकच. आठला सासरे बातम्या लावायचे, भाग ऐन रंगात तुटायचा आणि पोरगं रडत झोपायचं. मग सकाळी इडली भरवताना ती त्याला शेवट सांगायची. शेजारच्या अंबुजाकडे बघून आले म्हणायची. अंबुजाकडे टीव्हीच नव्हता.

“उत्तर चूक आहे,” गंधार म्हणाला.

हॉलमध्ये एकच गलका उठला. गंधार पुण्याहून आलेला, चेन्नईजवळच्या ओरगडमच्या कार कारखान्यातला इंजिनिअर. यंदा प्रश्न काढायचं काम त्याच्याकडे होतं आणि ते त्याने जरा जास्तच मनावर घेतलं होतं.

“जुने भाग परवाच ॲपवर आलेत,” तो चाचरत म्हणाला. “मला वाटलं, तुम्ही सगळ्यांनी बघितले असतील.”

नवीनने नव्हते बघितले. एकदा बघितलेलं पुन्हा कशाला बघायचं?

गंधारने लॅपटॉप पडद्याला जोडला. यान उडालं. कंबरेपर्यंत बर्फात रुतलेला टिबो मान वर करून बघत राहिला. त्याच्या छातीवरचा दिवा थोडा वेळ लुकलुकला आणि विझला. मग नावं सुरू झाली.

“अय्यो, टाकून गेले की त्याला!” जयंतीच्या तोंडून घरच्या तंजावरी मराठीत मोठ्याने निघालं. “असलें लेंकराला सांगणें कसें?”

सगळा हॉल वळून तिच्याकडे बघायला लागला. नवीननेही बघितलं. आधी त्याला काही कळेना, मग हळूहळू उमगत गेलं, आईने हे कधी बघितलंच नव्हतं. जयंतीने मान खाली घातली. इतक्या वर्षांचा त्याचा मान आपण पार धुळीला मिळवला, आता हा पुन्हा आपल्या शब्दावर विश्वास ठेवणार नाही, या विचाराने ती रडायच्या बेतात होती.

चुकल्यामुळे नवीनचा गुण गेला आणि तो समोरची स्पर्धक अवनी हिच्या बरोबरीला आला. शेवटचा प्रश्न त्याच्यासाठीच होता. “पास म्हटलंस तर कप दोघांत,” गंधारने नियम सांगितला. “चुकलास तर अवनीचा.” मग त्याने कागद वाचला. “चौथ्या वर्षाचा शेवट. कॅप्टन ओरेन आपल्या ग्रहावर परत येतो आणि घराचं दार वाजवतो. दार कोण उघडतं?”

जयंतीने जोरजोरात मान हलवली. नको रे कन्ना, नको राजा. गंधारही माइक बाजूला धरून मराठीत कुजबुजला, “अरे, पास म्हण ना.”

नवीनला उत्तर पाठ होतं. ते आपण कधी बघितलेलंच नाही, फक्त ऐकलंय, हे त्याला आत्ता कळत होतं. राग यायला हवा होता, पण तो काही येईना. टिबोला बर्फात सोडून जाणारं यान त्याला लहानपणी कधीच दिसलं नव्हतं, आणि याचं त्याला फार बरं वाटत होतं.

“आईनं,” तो माइकवर म्हणाला. “दार आईनं उघडलं. आधी पाय धुऊन ये म्हणाली, मग इतकी वर्षं कुठं होतास ते विचारलं.”

मागे कोणीतरी खुसखुसलं. अवनीने नवीनकडे बघितलं आणि मग तिसऱ्या रांगेकडे.

“चूक,” गंधार म्हणाला. म्हणताना ते त्याच्या अगदी जिवावर आलं होतं. “दार कोणीच उघडत नाही. घर रिकामं असतं.”

“असेल,” नवीन म्हणाला आणि कप अवनीपुढे सरकवून आईकडे निघाला. “आमच्याकडे आई घरी होती.”