भिंतीपलीकडचा रेडिओ

रोज सकाळी कॉफी ठेवताना गुनवोरबाई मोकळ्या गळ्याने देवाची स्तोत्रं गायच्या. एकदा त्यांच्या लक्षात आलं, आपण सूर लावला की भिंतीपलीकडचे टोरलाइफ रेडिओ बंद करतात. आम्हा नॉर्वेकरांत शेजाऱ्याच्या दारात जाऊन कुणी कुरकुर करत नाही. आपलं आपण समजून घ्यायचं असतं. आपल्या गाण्याने त्यांना रेडिओ नीट ऐकता येत नसणार, असं गुनवोरबाईंनी समजून घेतलं. गाणं थांबलं, रेडिओ चालू राहिला. वर्षं सरली.

टोरलाइफ वृद्धाश्रमात गेले. त्यांचं घर आवरायला आलेल्या लेकीने, सिग्नेने, विचारलं, "काकू, तुम्ही गायचं का हो सोडलंत? बाबा तुमचं गाणं ऐकायलाच रेडिओ बंद करायचे."

"मग त्यांनी विचारलं का नाही कधी?"

"मी म्हटलं होतं, जा, बेल वाजवा. तर म्हणाले, दुसऱ्याच्या देवाधर्मात आपण कशाला डोकावायचं?"

"उद्याच जाऊन गाते त्यांच्यासमोर."

"आता त्यांना काहीच ऐकू येत नाही, काकू."

तरी गुनवोरबाई गेल्या. पलंगाशी बसून गाऊ लागल्या. टोरलाइफ त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. मग हात लांबवून त्यांनी उशाशी सवयीने लावून ठेवलेला रेडिओ बंद केला.