खालच्या ओळी

डोळ्यांच्या ऑपरेशननंतर सासूबाईंना चेहरे दिसायचे, पण बारीक अक्षरं लागायची नाहीत. म्हणून चिनी प्रेममालिकांमधल्या खालच्या ओळी सून मराठीत वाचून दाखवायची. खळीवाला नायक आला की सासूबाई आधी केस सारखे करायच्या, मग विचारायच्या, “काय म्हणतोय गं?” आज नायिका आपल्या सासूला म्हणाली, “मला परगावी नोकरी लागलीय.” सून अडखळली. मग तिने वाचलं, “आज बाजारात फार गर्दी होती.” सासूबाईंनी मालिका थांबवली. “गर्दीचं सांगताना कोण बाही ओढतं? काही अवघड सांगायचं असलं की ओढते ही पोरगी. तूही आठवडाभर ओढतेयस.” सुनेने बाही सोडली. “तिला परगावी नोकरी लागलीय, आई. मलाही.” “तिची सासू काय म्हणाली?” “कुणास ठाऊक. तुम्ही थांबवलंत.” सासूबाईंनी रिमोट उशीखाली सरकवला. “राहू दे. तिकडून मला फोनवर वाचून दाखवशील ना?”